घरात सगळे, एकाच वेळी

शहरातले कुटुंब एका घरात राहते, पण सगळी माणसे एकाच वेळी घरात आहेत असे क्वचितच घडते. मुले सकाळी शाळेला जातात, कमावती माणसे लोकल गाठतात, आजोबा कट्ट्यावर तास-दीड तास बसून येतात आणि दुपारी घर थोडे मोकळे होते. दोन खोल्यांत सहा माणसे मावतात ती या वेळापत्रकाच्या बळावर. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या टाळेबंदीने हे वेळापत्रकच काढून घेतले. शाळा, कचेरी, खानावळ, देऊळ, मैदान आणि पुढे दवाखानासुद्धा त्याच दोन खोल्यांत आला. साथ रोखण्याच्या या उपायाचा मोठा भार महाराष्ट्रातल्या घरांनी उचलला आणि तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही.

तीन आठवड्यांचे सव्वादोन महिने

राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. १३ मार्चला राज्य सरकारने मुंबई-पुण्यासह काही शहरांत साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ सालचा, याच दोन शहरांतल्या प्लेगच्या वेळी केलेला. घरीच विलगीकरणात राहायचे असलेल्यांच्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारले जाऊ लागले. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला. संध्याकाळी पाच वाजता लोकांनी दारा-खिडक्यांत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी राज्यभर संचारबंदी आली, मुंबईची लोकल थांबली. २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. बाजारात जाण्याची सोय नव्हती, त्यामुळे फुले, गाठी, आंब्याचा डहाळा यांपैकी जे हाताशी होते त्यावर अनेक घरांनी गुढी उभारली.

घराघरांत किराणा भरला गेला तो तीन आठवड्यांच्या हिशेबाने. मुदत मात्र आधी ३ मे, मग १७ मे आणि शेवटी ३१ मेपर्यंत वाढत गेली. पहिल्या दिवसांत घरात सुट्टीसारखे वातावरण होते. दूरदर्शनवर २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले आणि सकाळी नऊ व रात्री नऊ या वेळांना घर टीव्हीसमोर जमू लागले. पत्ते, कॅरम, सापशिडी बाहेर आली. मुदत पहिल्यांदा वाढली तेव्हा हा उत्साह ओसरला आणि रोजच्या व्यवस्थेचे प्रश्न उभे राहिले.

जागेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली निम्म्याहून अधिक कुटुंबे एका खोलीच्या घरात राहत होती. दहा बाय बाराची अशी एक खोली पाहिली की टाळेबंदीचा अर्थ कळतो. एका कोपऱ्यात मोरी, तिच्या शेजारी ओटा, भिंतीला लागून कॉट, कॉटखाली धान्याचे डबे आणि वर सामानाने भरलेला माळा. रात्री कॉटवर दोघे आणि खाली चौघे झोपले की जमिनीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. एरवी रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपतो तेव्हा बाकीचे बाहेर पडलेले असतात, मोठा मुलगा मित्राकडे अभ्यासाला असतो. टाळेबंदीत सगळे एकाच वेळी त्याच चटईवर होते. उन्हाळा होता, पंखा एक होता, आणि फोनवर दोन शब्द खासगी बोलायचे तरी दाराबाहेर जाऊन उभे राहावे लागत होते.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला. तिथल्या बहुसंख्य कुटुंबांना सार्वजनिक शौचालयाशिवाय पर्याय नाही, म्हणजे घरात राहण्याचा नियम पाळायची कितीही इच्छा असली तरी दिवसातून काही वेळा रांगेत उभे राहावेच लागे. सरकारी सूचनांमध्ये घर या शब्दामागे नळ, संडास आणि निदान दोन खोल्या गृहीत धरलेल्या होत्या.

फ्लॅटमध्ये अडचण वेगळी होती. जेवणाचे टेबल कचेरी झाले आणि बेडरूम वर्ग झाली. एकाची मीटिंग, दुसऱ्याची परीक्षा आणि कुकरची शिट्टी एकाच वेळी होऊ नये म्हणून रोज सकाळी वेळा ठरवाव्या लागत. इंटरनेट अपुरे पडू लागले. चालायला जाणारी माणसे गच्चीवर आणि पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागली, तीही सोसायटीने परवानगी दिली तर.

पिशवी दारात आली की

बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू संशयाची झाली होती. भाजीची पिशवी दाराबाहेरच ठेवायची, आणणाऱ्याने थेट न्हाणीघरात जाऊन अंघोळ करायची आणि कपडे साबणाच्या पाण्यात टाकायचे. भाजी मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात बुडवायची, मग पंचावर पसरून गॅलरीत वाळवायची. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, बिस्किटांचे पुडे दिवसभर कोपऱ्यात ठेवायचे. वस्तूंना हात लावल्याने होणारा संसर्ग फार थोडा, हवेतून होणारा अधिक, हे पुढे स्पष्ट झाले. तोवर मात्र धुण्या-पुसण्याचे एक संपूर्ण नवे काम घराच्या मागे लागले होते.

पुरवठ्याच्या वाटाही बदलल्या. बाजार समित्या कधी चालू, कधी बंद असल्याने शेतकऱ्यांचे गट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपर्यंत थेट भाजी पोहोचवू लागले. कोकणातल्या बागायतदारांनी हापूसच्या पेट्याही अशाच पाठवल्या. व्हॉट्सअॅपच्या गटावर मागणी नोंदवायची आणि ठरलेल्या वेळी फाटकाशी अंतर राखून रांग लावायची, ही पद्धत रुळली. हॉटेले बंद असल्याने पाणीपुरी, पिझ्झा, जिलेबी घरी होऊ लागली, बिस्किटांचे केक झाले आणि कित्येक दुकानांतून यीस्ट दिसेनासे झाले. गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडग्यांची वाळवणे पुन्हा पडली आणि लाट्या करायला घरातले पुरुष आणि मुलेही बसली.

काम कोणी केले

या सगळ्या पदार्थांच्या फोटोंमागे एक साधा हिशेब होता. डबा आणि कॅन्टीन बंद झाल्यामुळे घरातल्या प्रत्येकाचा चहा, नाश्ता, दोन जेवणे आणि मधली भूक घरातच भागवावी लागत होती. घरकाम करणाऱ्या मावशींना बहुतेक सोसायट्यांनी प्रवेश बंद केला होता, त्यामुळे भांडी, केर-फरशी आणि धुणेही घरच्यांवर आले.

या कामाची आधीची वाटणी कशी होती याची पक्की नोंद आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे दिसले की, एखाद्या दिवशी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, तर पुरुष २६.१ टक्के होते. जे हे काम करत त्यांच्यापैकी स्त्रिया सरासरी २९९ मिनिटे देत आणि पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे स्त्रियांचे रोजचे पाच तास टाळेबंदीच्या आधीच घरकामात जात होते. त्यात वाढलेले काम मिळवले आणि बाहेरचा हात वजा केला की दिवस किती उरतो, हे उघड आहे. ज्या नोकरदार स्त्रियांची कचेरी घरी आली, त्यांनी लॅपटॉपशेजारी भाजी निवडली. परिचारिका आणि आशा सेविका यांना घरी बसण्याचीही मुभा नव्हती. त्या बाहेरचे काम संपवून, संसर्गाची धास्ती बरोबर घेऊन घरी परतत आणि मग चुलीपाशी उभ्या राहत.

अनेक घरांत पुरुषांनी झाडू हातात घेतला, भांडी घासली, पोळ्या लाटायला शिकले, हेही खरे आहे. पण पुष्कळ घरांत ही मदत हौसेपुरतीच राहिली. काम करणारे मदत म्हणून करत होते, ठरवणारी आणि लक्षात ठेवणारी घरची बाईच होती. डाळ किती उरली, सासूबाईंच्या गोळ्या कधी संपतात, गॅसचा नंबर कधी लावायचा, हा हिशेब तिच्याच डोक्यात चालू राहिला.

काही घरांच्या बंद दारांमागे मारहाण होती. एरवी माहेरी, शेजारी किंवा कामावर जाऊन सुटका शोधणाऱ्या स्त्रियांना ती वाटही उरली नाही. मारणारा चोवीस तास शेजारी असताना फोनवर बोलणेही अवघड, म्हणून राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी तक्रारींसाठी व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू केला.

एका फोनवर शाळा

दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. पुस्तके महिनाभर उघडी ठेवून बसलेल्या मुलांना सरासरीने गुण मिळाले. पुढचे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये ऑनलाइन सुरू झाले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही पाठांची मालिका दाखवली गेली आणि ज्या घरांत टीव्ही होता पण इंटरनेट नव्हते, तिथे तिचा उपयोग झाला.

‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या ग्रामीण भारतातल्या पाहणीनुसार शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते सप्टेंबर २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांत मोठी वाढ झाली खरी, पण दहापैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी फोन नव्हताच. ज्या घरी होता, तिथे तो बहुधा एकच आणि वडिलांच्या खिशात. कामे सुरू झाल्यावर फोन सकाळी त्यांच्याबरोबर जाई आणि मुलांचा अभ्यास रात्री आठनंतर सुरू होई. दोन भावंडे असली की कोणाचा तास बुडवायचा हे आईने ठरवायचे. पहिली-दुसरीच्या मुलांचे नुकसान सर्वांत मोठे झाले. अक्षर गिरवताना मुलाचा हात धरून वळण शिकवावे लागते आणि ते पडद्यावरून होत नाही.

पगार, रेशन आणि गाव

महिन्याचा पगार खात्यावर जमा होत राहिला त्या घरात टाळेबंदी म्हणजे कंटाळा आणि काळजी होती. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ती पहिल्या आठवड्यातच उपासमारीची भीती झाली. प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेतून रेशनकार्डावर माणशी पाच किलो जादा धान्य एप्रिलपासून मिळू लागले, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे रुपये जमा झाले, आणि शिवभोजन थाळी दहाऐवजी पाच रुपयांना देण्यात आली. या आधारावर अनेक चुली पेटत्या राहिल्या. पण घरभाडे, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता त्यातून भागत नव्हता. दागिने गहाण पडले, बचत गटातली ठेव मोडली गेली. ज्या मावशींचा प्रवेश बंद झाला, त्यांना काही घरांनी पगार चालू ठेवला, अनेकांनी ठेवला नाही.

कोकणातली गावे आणि मुंबई यांचे नाते या काळात कसाला लागले. चाकरमानी गावी निघाले तेव्हा त्यांना स्वतःच्याच घराबाहेर, गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात विलगीकरणाचे दिवस काढावे लागले. घरचा डबा पडवीच्या कडेला ठेवून माणसे लांब उभी राहून बोलत. ज्या घराकडे मुंबईहून पैसा येत होता, त्याच घराला मुंबईहून येणाऱ्या माणसाची भीती वाटू लागली. गणेशोत्सवापर्यंत ही धास्ती टिकली.

आजारपण आणि निरोप

घरात एकाला ताप आला की सगळ्या घराची मांडणी बदले. सौम्य लक्षणांच्या रुग्णाने घरीच राहायचे तर वेगळी खोली आणि वेगळा संडास हवा, अशी अट होती. ती पुरी करणाऱ्या घरात ताट दाराबाहेर ठेवले जाई आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा दिवसातून चार वेळा वहीत लिहिला जाई. तो ९४ च्या खाली आला की खाट शोधण्यासाठी फोन सुरू होत. बाकीच्यांना शाळा, सभागृहे, मैदानांवरच्या केंद्रांत जावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होत्या.

सर्वांत कठीण होते ते जाणाऱ्याला निरोप देणे. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि कोरोनाने गेलेल्या माणसाचे शेवटचे दर्शनही अनेकांना मिळाले नाही. दहावा, तेरावा फोनच्या पडद्यावर झाला. दुःख वाटून घेण्यासाठी माणसे घरी येतात, गळ्यात पडतात, दोन दिवस चूल पेटू देत नाहीत. मराठी घरातली ही रीत त्या वर्षी थांबली आणि कितीतरी कुटुंबांचे रडणे तसेच अडून राहिले.

आनंदाचे प्रसंगही असेच आक्रसले. लग्ने पन्नास माणसांत उरकली. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरीच एकादशी केली. घरगुती गणपतीची मूर्ती दोन फुटांपर्यंत ठेवायची होती. पुष्कळ घरांनी ती शाडूची आणून बादलीत विसर्जन केले.

काय उरले

जून २०२० पासून ‘पुनश्च हरिओम’ म्हणत व्यवहार टप्प्याटप्प्याने उघडले. २८ जूनला केशकर्तनालये उघडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सर्वांसाठी लोकल सुरू झाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा निर्बंध आणले. मुंबई-पुण्यातली सर्वांत लहान मुले शाळेच्या बाकावर बसली ती डिसेंबर २०२१ मध्ये. घरून काम, फोनवरून पैसे देणे आणि सोसायटीत थेट येणारी भाजी या सवयी काही प्रमाणात टिकल्या. घरकामाची वाटणी मात्र बहुतेक ठिकाणी पूर्वीच्याच जागी परतली.

घरात राहा ही सूचना सर्वांना एकच होती, पण ती पाळण्याची किंमत खोल्यांच्या संख्येवर, नळाच्या अंतरावर, पगाराच्या खात्रीवर आणि घरातल्या स्त्रीच्या कष्टांवर ठरली. पुढच्या कोणत्याही साथीची तयारी करताना रुग्णालयातल्या खाटा मोजाव्या लागतीलच. त्यांच्याबरोबर वस्तीतली शौचालये, मुलांच्या हातातले फोन, रोजंदारीच्या घरातले धान्य आणि स्त्रियांच्या कामाचे तासही मोजले गेले पाहिजेत, कारण टाळेबंदीत साथीशी झगडण्याचे पहिले ठिकाण घरच असते.