दारचे कुत्रे: विकत की दत्तक?

जाम हे मोठ्या रस्त्यावरचे गाव. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग येथूनच जातो. वर्ध्याकडे आणि चंद्रपूरकडे जाणारे रस्तेही येथेच फुटतात. रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ असते. अशा ठिकाणी चहाच्या टपऱ्या असतात, ढाबे असतात. उष्ट्या-खरकट्याच्या आशेने कुत्री जमतात. एखादे पिल्लू गाडीखाली सापडते. आपण चुकचुकतो अन् पुढे जातो.

याच रस्त्याने मोटारीत बसून जातिवंत कुत्रीही जातात. ती पाहून एखाद्या भावाला वाटते, आपल्याही दारी असे कुत्रे असावे. तो शहरात जातो, हजारो रुपये मोजतो अन् पिल्लू घेऊन येतो. हा पैसा कारणी लागतो का? आपण थोडा विचार करू.

जात म्हणजे काय?

आपल्या वर्धा भागातली गवळाऊ गुरे आपल्याला ठाऊक आहेत. ती इथल्या हवेत वाढली, म्हणून इथल्या उन्हात टिकतात. कुत्र्यांचेही तसेच आहे. हस्की जातीचे कुत्रे बर्फाच्या मुलखातले. बर्फावरची गाडी ओढणे हे त्याचे काम. त्याच्या अंगावर दाट केसांचे दोन थर असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो. तेथे त्या मुक्या जिवाचे कसे होत असेल?

पग नावाचे चपट्या नाकाचे कुत्रे घ्या. २००३ साली ते टीव्हीवरच्या एका जाहिरातीत झळकले अन् घरोघरी हवेसे झाले. पण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि अंग थंड करते. नाकच चपटे केले, तर श्वास कसा पुरणार? पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच पैदास केली, की असे दोष पक्के होतात. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर यांच्यात कमरेच्या सांध्याचे दुखणे पुष्कळ आढळते.

कुत्र्यांच्या धंद्याविषयी २०१७ साली सरकारने नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. पण पुष्कळ व्यवहार चोरून होतात. आईला पुन्हा पुन्हा गाभण ठेवतात. पिल्लू आजारी निघाले, की घेणारा कंटाळतो आणि ते रस्त्यावर सोडून देतो.

गावठी कुत्रे काय कामाचे?

कोणी म्हणेल, "गावठी कुत्रं काय कामाचं, भाऊ?" अहो, खळ्याची राखण कोण करते? रात्री अनोळखी पाऊल वाजले, की आधी कोण भुंकते? गावठी कुत्रे आपल्या हवेला सरावलेले असते. भाकरी, दूधभात, अंडे यांवर ते पोसते. लळाही तितकाच लावते. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री असतात, ती आपण रोज तसबिरीत पाहतो.

म्हणून आमचे सांगणे असे, की कुत्रे हवे असेल तर विकत घेऊ नका, निराधाराला घर द्या. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर अॅनिमल्स या संस्थेचा करुणाश्रम आहे. जखमी व निराधार प्राण्यांना तेथे आसरा मिळतो. अशा ठिकाणी जाऊन चौकशी करावी. नाहीतर आपल्याच गल्लीतले एखादे पिल्लू घरी आणावे. मात्र ते आईचे दूध सुटलेले असावे.

घरी आणल्यावर काय करावे?

पहिले काम, जनावरांच्या दवाखान्यात नेणे. जंताचे औषध द्यावे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पिसाळण्याविरुद्धची लस टोचावी. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा टोचून घ्यावी.

दुसरे काम, नसबंदी. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते. एका वेताला चार-सहा पिल्ले सहज होतात. ती सारी कोण सांभाळणार? तीच पुढे रस्त्यावर येतात. नसबंदी हा त्यावरचा खरा उपाय.

तिसरे काम, गोचीड काढणे, सावली देणे आणि पाण्याचे भांडे भरलेले ठेवणे. कुत्र्याला अखंड साखळीला बांधून ठेवू नये. तशाने ते चिडखोर होते.

कुत्रे चावले तर?

जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल काही लावू नये. मंत्र-गंड्यात वेळ घालवू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि लसीचे सगळे डोस पुरे करावेत. रोगाची लक्षणे दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर जीव वाचतो.

दया आणि जबाबदारी

१९२६ साली गांधीजींनी 'यंग इंडिया'त भटक्या कुत्र्यांविषयी लेख लिहिले. कुत्री बेवारस फिरावीत, यात समाजाची दया दिसत नाही, आळस दिसतो, असा त्यांचा विचार होता. पिसाळलेल्या कुत्र्याला मारण्यास त्यांनी विरोध केला नाही. त्यामुळे मोठा वाद झाला. दहा वर्षांनी, १९३६ साली, ते वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला आले. तेच आजचे सेवाग्राम.

आज आपल्या हाती लस आहे, नसबंदीही आहे. म्हणून मारण्यावाचूनही वाट निघते. पण येता-जाता शिळा तुकडा फेकला, म्हणजे दया संपली असे नाही. एका घराने एक कुत्रे घ्यावे. त्याला लस टोचावी, त्याची नसबंदी करावी आणि त्याला शेवटपर्यंत सांभाळावे. अशी दहा घरे निघाली, तर गावाची दहा कुत्री रस्त्यावरून दारी येतील. लेकरेही निर्धास्त शाळेत जातील.