रायपूरचे महाराष्ट्र मंडळ : नव्वद वर्षांचा संसार

इंग्रजी अमलात क्लब म्हणजे साहेबांची जागा. कलकत्त्याचा बेंगॉल क्लब १८२७चा, मुंबईचा भायखळा क्लब १८३३चा. तिथे हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. आपल्या लोकांनी त्याला दोन प्रकारे उत्तर दिले. एक, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या (१९०६) स्वतःच्या संस्था काढल्या. दुसरे, परप्रांतात जिथे जिथे चार मराठी घरे होती तिथे मंडळ उभे केले. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५चे.

छत्तीसगडात मराठी माणूस नोकरीच्या निमित्ताने कालपरवा आलेला नाही. १७४१मध्ये भास्करराम कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर आली. १७५८पासून बिंबाजी भोसल्यांनी तिथे राहून कारभार केला. १८१८नंतर कॅप्टन अॅग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि कारभारात मुरलेली मराठी कुटुंबेही या शहरात स्थिरावत गेली. तात्यापारा, लाखेनगर ही नावे आजही शहरात आहेत.

लाखेनगर ज्यांच्या नावाने आहे, त्या वामन बळीराम लाख्यांविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. जानेवारी १९००मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक लाखे. या भागातली हिंदी पत्रकारिता तीन मराठी माणसांनी सुरू केली! सप्र्यांनी पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला. लाख्यांनी रायपुरात सहकारी चळवळ रुजवली आणि असहकाराच्या काळात सरकारने दिलेली रावसाहेब ही पदवी सोडली. ज्या समाजाने १९३५मध्ये मंडळ काढले, तो हा असा समाज होता. घरात मराठी आणि गावाच्या कामाला हिंदी, यात त्याला काही वावगे वाटत नव्हते.

तेव्हाचा काळ मात्र सोपा नव्हता. मध्यप्रांत द्विभाषिक होता, राजधानी नागपूर. १९३७मध्ये नागपूरचे डॉ. ना. भा. खरे प्रांताचे पंतप्रधान झाले. वर्षभरात ते पायउतार झाले आणि १९३८मध्ये त्या जागी रायपूरचे रविशंकर शुक्ल आले. हिंदी भाग आणि मराठी भाग यांच्यातली ओढाताण उघड्यावर आली होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर वेगळ्या राज्यात गेले, रायपूरची राजधानी भोपाळ झाली. रायपूरचा मराठी माणूस आपल्या घरातून न हलता परप्रांतीय झाला. माझ्या मते मंडळाची खरी कसोटी इथून सुरू झाली. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू, संक्रांतीचा तिळगूळ एवढ्यावर थांबले असते तर एका पिढीत ते आटले असते.

मंडळ तिथे थांबले नाही. चौबे कॉलनीतल्या वास्तूत मराठी सण आणि नाटके होत राहिली. त्याच्या जोडीला मंडळाने संत ज्ञानेश्वर विद्यालय काढले, दिव्यांग मुलींसाठी विकासगृह चालवले, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह उभारले. या कामांचा लाभ मराठी घरांपुरता नाही, आणि मला यातच मंडळाचे मोठेपण दिसते. साहेबांच्या क्लबाची प्रतिष्ठा कोणाला बाहेर ठेवले यावर उभी होती. रायपूरच्या मंडळींनी वर्गणीदारांच्या संस्थेतून साऱ्या शहराच्या उपयोगाची कामे उभी केली. सप्रे-लाख्यांची वाट त्यांनी सोडली नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन.

१ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी बनले. २०३५मध्ये मंडळाला शंभर वर्षे होतील. अशा संस्थांचा इतिहास सरकारी दप्तरात सापडत नाही. तो सभांची इतिवृत्ते, नाटकांच्या निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या पावत्या आणि जुने समूहफोटो यांतच असतो, आणि जुने वाडे पाडताना हेच कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. तुमचे आजोळ किंवा सासर रायपूरचे असेल, तर माळ्यावरची पेटी एकदा उघडा. फोटोतल्या माणसांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत मंडळाकडे पोहोचवा.