बर्फाचें छायाचित्र करडें कां येतें?

आमचें पेडगांव परभणी जिल्ह्यांतलें. येथें बर्फ पाहावयाचा तो सरबताच्या गाडीवरच. तरी हा विषय आमच्या वाचकांस परका नाहीं. केदारनाथाचीं दारें बहुधा वैशाखांत उघडतात, आणि महाराष्ट्रांतून पुष्कळ कुटुंबें तिकडे निघतात. सुमारें 3,580 मीटर उंचीवरील त्या स्थानीं तेव्हां आसपास बर्फ असतो. वृद्ध मातापितरांची ही यात्रा बहुधा आयुष्यांत एकदांच घडते. आणि घरीं परतल्यावर पाहावें, तों बर्फ राखेसारखा करडा व आईचें मुख काळवंडलेलें! तो क्षण पुन्हा मिळत नाहीं, म्हणून कारण आधींच समजून घेणें बरें.

कवींना ही अडचण कधीं पडली नाहीं. मेघदूतांत कालिदासानें कैलासाला शंकराच्या साठलेल्या अट्टहासाची उपमा दिली आहे. हास्य शुभ्र, हा कविसंकेतच आहे. कॅमेऱ्याला मात्र संकेत ठाऊक नसतो. त्यांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करडें आहे असें धरून चालतो. छायाचित्रकार ज्या करड्या पुठ्ठ्यावरून माप घेतात, तो आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा 18 भाग परत फेंकतो. ताजा बर्फ 80 ते 90 भाग फेंकतो. यंत्राला वाटतें, प्रकाश फार झाला. तें त्याला आंवर घालतें, आणि शुभ्राचें करडें होतें. आमच्या काळ्या जमिनीचें याच्या उलट होतें. नांगरलेलें शेतच चौकटभर घेतलें, तर ती जमीन फिकट, धुळकट येते. रोग एकच.

1866 सालीं सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकारानें हिमालयांतील मनिरंग खिंडींत काचेच्या तावदानांवर चित्रें घेतलीं, तेव्हां प्रकाशाचा अंदाज नजरेनेंच करावा लागे. आज तें काम यंत्राकडे गेलें आहे. पण नजरेला सुट्टी मिळालेली नाहीं.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणें असें चिन्ह असतें. बर्फ चौकटभर असेल तर तेथें अधिक एक ते अधिक दोन ‘स्टॉप’ द्यावेत. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. पुष्कळशा मोबाइलवर बर्फावर बोट टेकलें कीं शेजारीं सूर्याचें चिन्ह उमटतें. तें वर सरकवावें. मात्र बर्फावरील पाउलखुणा व त्याचा कण दिसत राहिला पाहिजे. जेथें नुसता पांढरा डाग पडला, तेथील तपशील मागाहून परत येत नाहीं. मुख्य चित्र माणसाचें असेल तर त्याला जवळ घ्यावें, माप चेहऱ्यावरून घ्यावें, आणि मागचा बर्फ थोडा अधिक उजळला तरी चालवून घ्यावें. माणूस हवा कीं डोंगर, हें आधींच ठरवावें.

आतां रंगाविषयीं. सावलींतला बर्फ निळसर येतो, कारण त्यावर सूर्याचा नव्हे, निळ्या आकाशाचा प्रकाश पडतो. भर दुपारचें ऊन सुमारें 5,500 केल्विनचें; निरभ्र आकाशाखालील सावली 7,000 च्याहि पुढें जाते. कॅमेऱ्याची रंगयोजना सावलीची ठेविली, तर उन्हांतला बर्फ पिवळा पडतो. म्हणून ऊन असतां ‘ऊन’ हीच योजना ठेवावी, आणि सावलींतला थोडा निळेपणा तसाच राहूं द्यावा. तो खरा आहे, त्यानेंच बर्फाला गारवा येतो. सर्व मंडळी सावलींतच उभीं असतील, तर मात्र ‘सावली’ निवडावी.

हा अभ्यास करावयास हिमालयापर्यंत जावयास नको. वेचणीच्या दिवसांत अंगणांत कापसाची रास पडते. आजीला तिच्याशेजारीं बसवावें आणि तीन चित्रें घ्यावींत: एक यंत्र देईल तसें, दुसरें एक स्टॉप वाढवून, तिसरें दोन. कापूस पांढरा, त्याचे पेळू वेगळे, आणि आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुती न् सुरकुती स्पष्ट, असें कोणतें चित्र आलें तें पाहावें. तें माप मनांत ठेवून यात्रेस निघावें.