मेळाव्यांकडून मुक्कामाकडे: तंत्रज्ञान कंपन्या आणि कृष्णा-वारणा खोरे

कराडला लागून असलेले मलकापूर पुणे-बंगळूर महामार्गावर वसले आहे. परंतु जागतिक तंत्रज्ञान कंपन्यांनी गेल्या दोन दशकांत डेव्हलपर, म्हणजे संगणक वा मोबाइलसाठी प्रणाली लिहिणारे, आणि नवउद्योजक यांच्यासाठी भरवलेले मेळावे मुख्यतः बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, पुणे अशा महानगरांतच झाले; मलकापूरसारखी लहान गावे त्यांपासून दूर राहिली. या काळाचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: एका दिवसाच्या मेळाव्याने नव्या तंत्राची ओळख होते, पण ते तंत्र रुजते ते मेळावा उठल्यावरही मागे राहणाऱ्या स्थानिक संस्थेच्या आधाराने.

ज्या देशांत वापरकर्ते झपाट्याने वाढत होते, पण स्थानिक गरजांसाठी प्रणाली लिहिणारे त्या मानाने कमी होते, त्यांना या कंपन्या ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ म्हणत, आणि आपल्या साधनांवर काम करणारे हात तेथे तयार व्हावेत हा मेळाव्यांचा मूळ हेतू होता. 2005 मध्ये गुगलने भारतासाठी ‘कोड जॅम’ ही प्रोग्रॅमिंगची स्पर्धा घेतली, 2008 मध्ये बंगळूरला ‘डेव्हलपर डे’ भरवला, तर त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘बिझस्पार्क’ योजनेतून नव्या उद्योगांना आपली सॉफ्टवेअर देऊ केली. व्याख्याने व प्रात्यक्षिके यांचा लाभ खरा होता. मात्र कामकाजाची भाषा बहुधा इंग्रजी असल्याने आणि प्रवासखर्च ज्याचा त्याला करावा लागत असल्याने लहान गावांतील होतकरू तरुण त्यापासून दूरच राहिला.

याच काळात कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांच्या वारणा पट्ट्यात वेगळा प्रयोग घडत होता. तेथे त्याआधीच, 1998 मध्ये, ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेखाली सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रे उभारली गेली; परंतु जोडणी कमकुवत असल्याने ती प्रामुख्याने तेथील साखर कारखान्याच्या नोंदींपुरतीच वापरली जाऊ लागली. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन शाखेतील अभ्यासकांनी आधी हा व्यवहार प्रत्यक्ष पाहिला आणि मग ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात 7 गावांत 8 महिने संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, फोनला जोडलेल्या संगणकाने कारखान्याच्या नोंदी तपासायच्या आणि उसाचे वजन किंवा खताचा हिशेब उलट एसएमएसने कळवायचा, अशी ही रचना होती. ती जुन्या पद्धतीपेक्षा स्वस्त व सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली, कारण तिची सुरुवात कारखान्याच्या रोजच्या कामातून झाली होती.

पुढील टप्प्यात कंपन्यांनी मेळाव्याच्या जोडीला कायमस्वरूपी गटांवर भर दिला. गुगलच्या वापरकर्ता-गटांना 2012 च्या सुमारास ‘डेव्हलपर ग्रुप’ हे नाव मिळाले, 2016 मध्ये 20 लाख अँड्रॉइड डेव्हलपर घडवण्याचा संकल्प जाहीर झाला, आणि पुढे महाविद्यालयांमध्ये विद्यार्थी-क्लब निघू लागले. मलकापूरच्या परिसरासाठी हा बदल अधिक मोलाचा आहे, कारण कराडचे 1960 मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे 1947 पासूनचे वालचंद महाविद्यालय आणि ईश्वरपूरजवळची (पूर्वीचे इस्लामपूर) राजारामबापू तंत्रज्ञान संस्था हे आधार येथे आधीपासूनच आहेत. मात्र विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात, त्यामुळे क्लबला प्राध्यापकांचे व स्थानिक उद्योगांचे पाठबळ नसेल, तर घडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे माहितीच्या साठ्यातून अंदाज बांधणाऱ्या संगणकीय पद्धतीचा, जो प्रयोग केला आणि ज्याचा दाखला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला यांनी 2025 च्या आरंभी जाहीरपणे दिला, तोही हेच सांगतो: उपग्रहचित्रे आणि मातीतील संवेदकांची माहिती शेतकऱ्यापर्यंत पोहोचवायला त्याच्या विश्वासातील संस्था लागते. अशा संस्थेचा आधार मलकापुरातही आहे: गावाने चोवीस तास आणि मीटरने पाणी देण्याची योजना राबवून स्थानिक स्वराज्य संस्थेची कुवत दाखवून दिली आहे. गळती शोधणे, मीटरवरील नोंदी पडताळणे, उसाच्या तोडणीचे वेळापत्रक लावणे हे प्रश्न येथील तरुणांच्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणूनच यापुढच्या मेळाव्यांनी नगरपरिषद, कारखाना आणि महाविद्यालय यांना बरोबर घेऊन, मराठीतून, याच प्रश्नांवर काम सुरू करावे आणि ते तडीस जाईपर्यंत साथ द्यावी. त्यांचे यश हजेरीपटावरून न मोजता गावात चालू राहिलेल्या कामावरून मोजले जावे.