रेसिंगच्या चाहत्याला भेट काय द्यावी?

दिवाळी असो वा नाताळ, फॉर्म्युला वनच्या चाहत्यासाठी काही घेण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: त्याचा जीव टीमवर आहे की ड्रायव्हरवर? लुईस हॅमिल्टन बारा सीझन मर्सिडीजमध्ये होता, २०२५ मध्ये फेरारीत गेला. त्याच्या चाहत्याला आज मर्सिडीजची नवी टोपी दिलीत, तर ती कपाटातच पडून राहील. मर्सिडीजवाल्याला मात्र तीच आवडेल.

आता खिशाचं बघू. दोनशे-तीनशे रुपयांत १:६४ मापाची, बोटाएवढी गाडी येते. हजाराच्या पुढे गेलात तर १:४३ची, टेबलावर ठेवण्याजोगी. त्याहून जास्त खर्च करायचा असेल, तर वस्तूऐवजी गो-कार्टिंग द्या; स्वतः स्टिअरिंग धरलं की वळणावर वेग सांभाळणं किती अवघड, ते कळतं.

आणि पैसे नसतील तर? नव्या सीझनचं वेळापत्रक भारतीय वेळेनुसार हाताने लिहून द्या. युरोपातल्या बऱ्याच रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. त्यातली एक निवडा, त्याच्या शेजारी बसून पूर्ण बघा. ही भेट कपाटात जात नाही.