सुगी आणि शाळा

बंगळूर नगराच्या आग्नेय दिशेस बेळ्ळंदूर नावाचे एक गाव होते. होते असे म्हणावयाचे कारण, गावाचे नाव व त्याचा विस्तीर्ण तलाव आजही कायम असला, तरी त्या तलावाच्या पाण्यावर पिकणारी भातशेती बहुतांशी नाहीशी झाली असून तिच्या जागी कचेऱ्यांच्या आणि निवासांच्या उंच इमारती उभ्या आहेत. या भागातून सकाळी जाताना एक दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. बांधकामाच्या कडेला, पत्र्याच्या खोपटापुढे, आठ-नऊ वर्षांची एखादी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभी असते. आई घमेली वाहावयास गेलेली असते. या मुलीला कोणी मजूर म्हणत नाही. तिचे नाव कामाच्या हजेरीपटावर नसते, आणि शाळेच्याही नसते. परंतु ती मूल सांभाळते म्हणूनच तिच्या आईला दिवसाची मजुरी मिळू शकते.

अशी पुष्कळ कुटुंबे मूळची शेतकरी किंवा शेतमजूर असतात. पाऊस हुकला, कर्ज थकले, की ती गाव सोडतात. म्हणून बालमजुरीचा हा प्रश्न शहरात दिसत असला, तरी त्याचे मूळ शेतात शोधावे लागते.

हा शोध आपल्याकडे फार पूर्वी सुरू झाला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हे कारण स्पष्ट मांडले होते. अत्यंत दारिद्र्य, आणि गुरे राखण्यास व शेतावर लक्ष ठेवण्यास लागणारी मुलांची मदत, यांमुळे खेड्यांतील शेतकरीवर्ग शाळेपासून दूर राहतो, असे त्यांचे सांगणे होते. शेतकऱ्याला आपले मूल प्रिय नसते किंवा विद्येचे मोल कळत नसते असा याचा अर्थ नव्हे. मुलाचे हात काढून घेतले तर ते काम करावयाचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते, एवढाच याचा अर्थ.

हे काम ऋतूंच्या चक्राशी कसे जखडलेले असते, हे ऊसतोडणीच्या उदाहरणावरून चांगले कळते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही कारखान्यांच्या परिसरात जातात. पतिपत्नींच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. मुले मोळ्या बांधण्यास, वाढे गोळा करण्यास मदत करतात, अथवा कोपीवर धाकट्यांना राखतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर तोडणीचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे मूल पहिले सत्र कसेबसे शिकते, दुसरे सत्र उसाच्या फडात घालवते आणि परतते तेव्हा वर्ष संपत आलेले असते. शाळेचा दाखला असूनही शिक्षण हुकते ते असे.

कायद्यांची उणीव आहे असे नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे ध्येय १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने ठेवले होते. ती मुदत १९६० साली उलटली. पुढे २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ साली बालमजुरीविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. तथापि शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत, धोक्याच्या नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मुलाने मदत करण्यास मोकळीक राहिली. शेतावरील काम बव्हंशी कौटुंबिकच असते. तेव्हा मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे पाहावयास शेताच्या बांधावर कोणता निरीक्षक उभा राहणार?

या अडचणीवर एक मार्ग महाराष्ट्रातच दाखविला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. तेथील मुले दिवसभर गुरांमागे असत. ती शाळेत येत नाहीत म्हणून या बाईंनी त्यांना दोष दिला नाही. गुरे जेथे चरत तेथे शिक्षक गेले आणि ‘कुरणशाळा’ भरली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. धाकटे पाळण्यात विसावले, म्हणजे थोरलीचे हात पाटीसाठी मोकळे होत. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी पुढे निघालेल्या साखरशाळा, आणि मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे, यांच्यामागेही हाच विचार आहे.

शासकीय सेवेत असताना पटावरील आकडे पाहून समाधान मानण्याची सवय आम्हांस लागते. पण पटावरचे नाव हे शिक्षण नव्हे. गावात सुगी केव्हा असते, स्थलांतर कोणत्या महिन्यात होते, घरी तान्हे मूल कोण राखते, हे ज्या शिक्षकाला आणि अधिकाऱ्याला ठाऊक आहे, त्यालाच गळणारे मूल वेळीच सापडेल. बेळ्ळंदूरच्या त्या मुलीला शाळेचा हक्क कायद्याने कधीच दिला आहे. तो तिच्या हाती पडावयाचा असेल, तर आधी तिच्या कडेवरचे मूल कोणीतरी उतरवून घेतले पाहिजे.