खिशातील विजेरी

पावसाळ्यात गावची वीज गेली, की कुळागरातून घराकडे जाणारी पायवाट दिसेनाशी होते. आणि मण्यारीसारखा विषारी साप तर रात्रीच बाहेर पडतो. अशा वेळी खिशातील लहानशी विजेरी मोलाची ठरते.

विजेरी निवडताना पुष्कळजण केवळ झगझगाट पाहतात. प्रकाश 'लुमेन' या एककात मोजतात. पायवाटेस ५० ते १०० लुमेन पुरेत. अतिप्रखर प्रकाशाने विजेरी तापते आणि घट लवकर रिता होतो. म्हणून मंद व प्रखर अशा दोन्ही पायऱ्या असलेली विजेरी घ्यावी. तीवर 'आयपीएक्स ७' अशी खूण असल्यास ती १ मीटर पाण्यात ३० मिनिटे राहिली तरी बिघडू नये, असा तिचा अर्थ आहे.

पुन्हा भरता येणारा लिथियम-आयन घट वारंवार पुरता रिता केल्यास त्याचे आयुष्य कमी होते. त्यास कडक उन्हात ठेवू नये. भिजलेला किंवा ठेचलेला घट चार्जरला लावू नये.

विद्यार्थी मित्रहो, समईत तेल आहे की नाही, हे आपली आजी तिन्हीसांजेपूर्वीच पाहते. विजेरीचेही तसेच आहे. उजेडी जी भरून ठेवली, तीच अंधारात उपयोगी पडते.